फ्रीजचा गॅस ‘संपत’ नसतो



मार्च ते जूनच्या मासिक बैठकांत अंतर्गत कर्जाच्या मागणीत एक कारण हमखास येतं: ‘फ्रीज दुरुस्ती’. रक्कम लहान असते, दीड-दोन हजारांची, म्हणून कुणी फार खोदून विचारत नाही. प्रोसिडिंगला नोंद होते आणि पुढचा विषय सुरू होतो. आपल्या प्रभागातल्या एका ताईंनी दोन उन्हाळ्यांत तीन वेळा याच कारणासाठी कर्ज घेतलं. आधी १८००, मग २०००, मग २२००. तिन्ही वेळा मेकॅनिकने एकच सांगितलं, ‘गॅस संपला, भरावा लागेल.’ सहा हजार रुपये गेले, वर व्याज, आणि फ्रीज पुन्हा बंद. या ताई घरून दही, ताक आणि पेप्सी विकतात. फ्रीज हेच त्यांचं दुकान. ऐन मे महिन्यात दुकान बंद राहिलं तर हप्ता कुठून भरायचा?

फ्रीजचा गॅस संपतो हे वाक्यच मुळात चुकीचं आहे. का, ते समजून घेऊ.

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीतलं पाणी आपोआप वर चढत नाही, मोटार लावावी लागते. उष्णतेचंही तसंच. गार जागेतून गरम जागेकडे ती आपणहून जात नाही, तिला ढकलावं लागतं. हे काम कॉम्प्रेसर करतो, म्हणजे फ्रीजच्या मागे खाली असलेला तो काळा डबा. त्याला जोडलेल्या बारीक पाइपांतून गॅस फिरत असतो. फ्रीजरपाशी या गॅसचं पातळ रूप असतं, तिथे त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. माठ झिरपतो, वरचं पाणी वाळतं आणि आतलं पाणी गार होतं, तोच प्रकार. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबून मागच्या जाळीत पाठवतो. तिथे ती आपली उष्णता घरातल्या हवेला देते, पुन्हा पातळ होते आणि परत आत येते. थंड देशांत याच तत्त्वावर बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढून घरं गरम ठेवतात, त्या यंत्राला हीट पंप म्हणतात. आपला फ्रीज त्याचाच भाऊ.

यात लक्षात ठेवायची गोष्ट ही, की तोच गॅस पुन्हा पुन्हा फिरतो. स्वयंपाकाच्या सिलेंडरचा गॅस जळतो म्हणून संपतो. फ्रीजचा गॅस जळत नाही, पाइप सगळीकडून बंद असतात. कारखान्यात भरलेल्या गॅसवर फ्रीज दहा-पंधरा वर्षंही चालतो. तेव्हा गॅस कमी झालाय याचा अर्थ एकच, पाइपाला कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. भोक अगदी बारीक असेल तर घागर दोन-चार महिन्यांनी रिकामी होते, एवढाच फरक.

म्हणून मेकॅनिक ‘गॅस’ म्हणाला की त्याला विचारा, ‘दादा, गळती कुठे आहे ते दाखवा.’ नीट काम करणारा माणूस आधी पाइपांत नायट्रोजनचा दाब देतो आणि साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठे येतात ते बघतो. भोक सापडलं की ते बुजवतो, फिल्टर बदलतो (हा बोटाएवढा तांब्याचा तुकडा असतो, जुना मागून घ्या), मग व्हॅक्युम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा ओढून काढतो आणि शेवटी वजन करून गॅस भरतो. व्हॅक्युमलाच बराच वेळ जातो, त्यामुळे हे सगळं काम पंधरा-वीस मिनिटांत होत नाही. कुणी नुसता डबा लावून, पाइपाला हात लावून ‘भरला’ म्हणत असेल तर पैसे देण्याआधी थांबा.

किती गॅस भरायचा आणि कोणता, हे फ्रीजच्या किंवा कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. हा स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, पेट घेणारा. फ्रीजमध्ये तो फार थोडा असतो, पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणून रोजच्या वापरात घाबरायचं कारण नाही. पण दुरुस्ती चालू असताना चूल आणि शेगडी विझवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, लेकरांना बाहेर पाठवा. जमलं तर काम ओसरीत किंवा अंगणात करून घ्या. थोड्या जुन्या फ्रीजमध्ये आर-१३४ए असतो, तो असा पेटत नाही. एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही. बिलावर गॅसचं नाव, किती ग्रॅम आणि किती महिन्यांची हमी हे लिहून घ्या. ‘ताई, आमच्याकडे बिल नसतं’ असं उत्तर आलं तर साध्या कागदावर लिहून सही घ्या. आपण बचत गटाच्या बायका, सही घेतल्याशिवाय पन्नास रुपये देत नाही, इथे मात्र दोन हजार असेच हातावर ठेवतो!

आता दुसरी बाजू. फ्रीज गार होत नाही म्हणून मेकॅनिक बोलावला, पण बिघाड गॅसचा नव्हताच, असंही बऱ्याचदा होतं. फोन करण्याआधी घरच्या घरी काही गोष्टी बघता येतात.

सगळ्यात आधी होल्टेज. आपल्या गावांत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो, हे काही नवीन नाही. घरात २३० होल्ट यायला हवेत. ते दीडशेवर आले की कॉम्प्रेसरला जोर मिळत नाही. तो ‘घुंऽऽ’ करतो, टक् असा आवाज येतो, बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा घुंऽऽ आणि टक्. हा टक् आवाज ओव्हरलोड नावाच्या छोट्या सुट्या भागाचा असतो. कॉम्प्रेसर जळू नये म्हणून तो वीज तोडतो. रात्री होल्टेज सुधारल्यावर फ्रीज नीट चालत असेल तर दोष फ्रीजचा नाही. चांगला स्टॅबिलायझर लावा. लाइट आल्यावर काही मिनिटं थांबून मगच फ्रीज चालू करणारा स्टॅबिलायझर मिळतो, तो घ्या. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पाइपांतला दाब सारखा व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. त्याआधीच लाइट आली तर कॉम्प्रेसरला भरल्या दाबावर सुरू व्हावं लागतं. चढावर गच्च भरलेली बैलगाडी उभी करायची आणि लगेच पुन्हा ओढायला लावायची, असं ते आहे. लाइट ये-जा करत असेल तर सरळ प्लग काढून ठेवा. दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो.

स्टॅबिलायझर हा झाला एका घरापुरता उपाय. होल्टेज गल्लीतच पडत असेल तर डीपीवर भार जास्त आहे. त्यासाठी एकेकटीने वायरमनच्या मागे लागण्यापेक्षा ग्रामसंघात ठराव घ्या, कोणत्या वेळी किती होल्टेज येतं ते आठवडाभर लिहून काढा आणि महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. १९१२ वर तक्रार करून क्रमांकही घ्या.

होल्टेज ठीक असूनही टक्-टक् चालू असेल तर रिले किंवा ओव्हरलोड गेलेला असू शकतो. हे भाग कॉम्प्रेसरच्या बाजूला बाहेरून लावलेले असतात, स्वस्त असतात आणि ते बदलायला गॅस काढावा लागत नाही. ‘कॉम्प्रेसर गेला’ असं कुणी म्हणालं तर आधी हे तपासलं का, एवढं विचारा.

मग दाराचं रबर. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून गारवा बाहेर जातोय. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, फाटलं असेल तर बदला. फ्रीज भिंतीपासून वीतभर लांब हवा. मागच्या जाळीवर चुलीचा धूर आणि पिठाची धूळ मिळून चिकट थर बसतो, मग आतली उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून कोरड्या ब्रशने जाळी झाडा. काही फ्रीजना मागे जाळी दिसत नाही. त्यांचे पाइप बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून बाजू गरम लागतात. तो बिघाड नव्हे. मात्र अशा फ्रीजला गोधडी पांघरू नका, ओले कपडे वाळत घालू नका आणि पत्र्याला खिळा तर अजिबात ठोकू नका.

खालच्या मागच्या बाजूला पाणी साठणारा ट्रे असतो. आशाताई सांगतात ते खरं आहे, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. दर आठवड्याला ट्रे रिकामा करून घासा.

आणि सुरी! एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरला बर्फ चढतो, पिशव्या चिकटतात, आणि घाईच्या वेळी आपण सुरीने, उलथन्याने, कधी स्क्रू-ड्रायव्हरने खरवडतो. त्या पातळ पत्र्यातच गॅसची वाट असते. टोक आत गेलं, ‘फुस्स’ झालं की संपलं. वर लिहिलेलं भोक पुष्कळ घरांत असंच पडतं, आणि कुणी मान्य करत नाही. बर्फ बोटभर जाड होण्याआधी डिफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा फ्रीज बंद करून दार उघडं ठेवा, खाली फडकं टाका. दोन-तीन तासांत बर्फ आपोआप सुटतो.

पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर वरचं सगळं राहू द्या, फ्रीज तिथल्या तिथे बंद करा. बोर्डाला अर्थिंग नाही किंवा आतली वायर उंदराने कुरतडली आहे. वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करू नका. ओल्या पायांनी फ्रीज उघडणारी घरात बहुतेक वेळा आपणच असतो.

दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हा प्रश्न बैठकीत नेहमी येतो. रिले, थर्मोस्टॅट, रबर, दिवा यांसाठी फ्रीज बदलायचं कारण नाही. पण फ्रीज दहा-बारा वर्षांचा आहे आणि कॉम्प्रेसर गेला, किंवा गळती पत्र्याच्या आत, फोममध्ये आहे, तर माझं मत नव्याच्या बाजूने आहे. फोममधला पाइप दुरुस्त करता येत नाही, बाहेरून दुसरी कॉइल बसवावी लागते आणि ती किती टिकेल याची खात्री नसते. कॉम्प्रेसरचं बिल बघण्याआधी जुनी पावती शोधा. पुष्कळ कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांपर्यंत वॉरंटी देतात. त्यात गॅस आणि मजुरी बहुधा नसते, पण कॉम्प्रेसरचे पैसे वाचतात. पावतीचा आणि स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये आजच काढून ठेवा.

जुना फ्रीज वीज किती खातो हेही हिशेबात धरा. घरात कुणी नसेल अशा दिवशी बाकी सगळं बंद करून फक्त फ्रीज चालू ठेवा, जाताना आणि आल्यावर मीटरचं रीडिंग लिहा. वजाबाकी केली की आकडा समोर. नव्या फ्रीजवर बीईईचं स्टार लेबल असतं, त्यावर वर्षाची युनिटं छापलेली असतात. १५० लिहिलं असेल तर दिवसाला साधारण ०.४ युनिट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडं जास्त धरा. तुमचा जुना फ्रीज दिवसाला दीड युनिट खात असेल तर वर्षाला साडेपाचशेच्या जवळ जातं. महिन्याला शंभर युनिटांच्या पुढे दर एकदम वाढतो, म्हणून हा फरक बिलात चांगलाच दिसतो. दुकानदार नुसते स्टार दाखवतो, आपण युनिटं वाचायची. स्टारचे नियम दर काही वर्षांनी कडक होतात, तेव्हा लेबलवरची वर्षंही बघा.

हमीच्या काळात दुरुस्ती फसली आणि दुकानदार किंवा सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही. दोन्हीकडे पहिला प्रश्न पावतीचा येतो.

नवा फ्रीज आल्यावर जुना परसात जातो, धान्याची नाहीतर कपड्यांची पेटी होतो. चांगलं आहे, पण त्याचं दार काढून टाका किंवा कायमचं कुलूप लावा. लपंडाव खेळताना लेकरू आत बसलं आणि दार चिकटलं तर आत हवा जात नाही, आवाजही बाहेर येत नाही. भंगारात द्यायचा असेल तर भंगारवाल्याला दारात पाइप तोडू देऊ नका, अख्खा फ्रीज उचलून न्यायला सांगा. नवा घेताना जुना परत घेतात का, हे दुकानात आधी विचारलं तर ही कटकटच राहत नाही.