प्रोटिस्टांविषयी काही रूढ ग्रह

ज्याचा देह एकाच पेशीचा, त्याची रचनाही प्राथमिक असली पाहिजे, असे अनुमान सुशिक्षित मनुष्यही सहज करतो, आणि शालेय पुस्तकात अमीबाचे ओबडधोबड चित्र प्रथम भेटत असल्यामुळे हा ग्रह पुढे जन्मभर टिकतो. वस्तुतः आपल्या शरीरातील पेशी एकेका कामावर नेमलेली असते; डबक्यातील पॅरामिशियमला मात्र चलन, भक्षण, पचन, उत्सर्जन हा सारा कारभार एकाच पेशीत उरकावा लागतो. तिच्या अंगावर हजारो पक्ष्माभिका असतात. गोड्या पाण्यात राहिल्यामुळे आत सतत झिरपणारे पाणी संकोची रिक्तिका ठरावीक तालाने बाहेर फेकतात. आणि केंद्रके दोन प्रकारची असून, मोठे नित्याचे व्यवहार पाहते, तर लहान आनुवंशिक ठेव जपते. दोन पॅरामिशियमांचा संयोग झाला, की जुने मोठे केंद्रक मोडीत निघते आणि लहान केंद्रकापासून नवे घडवले जाते. इतकी काटेकोर व्यवस्था ज्या पेशीत आहे तिला साधी म्हणणे हे, माझ्या मते, निरीक्षणाचा आळस होय.

अमीबा आणि पॅरामिशियम ज्या प्रोटिस्टांत मोडतात, ते सारे सूक्ष्मच असतात, हेही खरे नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाढणारे महाकाय तपकिरी शैवाल ४० मीटरांहूनही लांब होते, आणि ते बहुपेशीय असते.

एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली मांडलेली प्रोटिस्टा ही सृष्टी एकाच कुळाची, असे समजणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. कारण सकेंद्रक पेशींच्या जीवांपैकी जे प्राणी नव्हेत, वनस्पती नव्हेत आणि कवकेही नव्हेत, त्यांचे हे किरकोळ कागदांचे दप्तर असून, त्यातील कॉलरधारी कशाभिकायुक्त जीव इतर प्रोटिस्टांपेक्षा प्राण्यांनाच अधिक जवळचे आहेत. १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक बुडवणारा जीव दीर्घकाळ बुरशी म्हणून गणला गेला. पण त्याची पेशीभित्ती मुख्यतः कायटिनची नसून सेल्युलोजयुक्त असते, आणि त्याचे नाते तपकिरी शैवालांशी जुळते.

नात्यांच्या या गुंत्याचा सर्वांत अनपेक्षित दाखला हिवतापाच्या परोपजीवीचा. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात पाहिलेल्या या जीवाच्या पेशीत शैवालापासून आलेले एक रंगहीन लवक आहे. प्रकाशसंश्लेषण ते करीत नाही, परंतु त्याच्यावाचून परोपजीवी जगत नाही. लवकांचे मूळ जीवाणूंत असल्यामुळे त्यातील प्रथिने बनवणारी यंत्रणाही जीवाणूंच्या धर्तीची आहे, आणि त्याच कारणाने जीवाणूंविरुद्धचे डॉक्सिसायक्लीन हिवतापाच्या प्रतिबंधासाठीही दिले जाते.