पोरांची झोप आणि तंबाखूची पुडी

"डॉक्टर, पोरगं रात्री झोपत नाही आणि सकाळी उठत नाही. काहीतरी ताकदीचं लिहून द्या." अशी तक्रार घेऊन येणारे पालक आमच्या दवाखान्यात नेहमीचेच. मुलगा पंधरा ते बावीस वर्षांचा, वजन कमी, डोळे तांबारलेले, कशातच लक्ष नाही. टॉनिकची बाटली लिहिण्याआधी मी त्याला तोंड उघडायला सांगतो. खालच्या ओठाच्या आत किंवा गालात पांढुरकी, सुरकुतलेली जागा दिसली की निम्मे निदान तिथेच होते. तंबाखू तिथे धरली जाते. आईवडिलांना हे बहुधा ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही विषय निघत नाही. कारण वडिलांच्या खिशात तीच पुडी असते आणि आजीच्या उशाशी मिश्रीची डबी.

झोप बिघडणे आणि व्यसन लागणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत असे समजून आपण एकीवर टॉनिक आणि दुसरीवर दम देतो. प्रत्यक्षात या दोन्ही एकमेकींना धरून चालतात.

प्रथम झोपेचे पाहू. मेरी कार्स्केडन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांची उन्हाळी शिबिरे भरवून दरवर्षी त्याच मुलांची झोप मोजली. मूल मोठे होत जाईल तशी त्याची झोपेची गरज कमी होत जाईल, अशी सर्वांची समजूत होती. तसे झाले नाही. पुरेसा वेळ दिला की मोठी मुलेही सुमारे नऊ तास झोपत होती. पुढे १९९३ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मूल वयात येऊ लागले की त्याच्या शरीराचे घड्याळ मागे पडते. झोपेची वेळ झाली हे शरीराला कळवणारे मेलाटोनिन नावाचे संप्रेरक या वयात रात्री उशिरा पाझरू लागते. त्यामुळे दहावी-बारावीच्या मुलाला नऊ वाजता अंथरुणात घातले तरी त्याला झोप लागत नाही आणि पहाटे पाचला हलवले तर तो अर्धवट झोपेतच असतो. घरोघरी त्याला 'आळशी' म्हटले जाते. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास आणि त्यापुढील तरुणाला सात ते नऊ तास झोप लागते, हे लक्षात असावे.

या संशोधनाचा परिणाम म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. आपल्या राज्य शासनानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. आदेश चांगलाच आहे, पण घड्याळ मागे पडते ते चौथीनंतर! माणिकदौंडी, मिरी, करंजीकडून सकाळच्या एस. टी.ने कॉलेजला येणारा मुलगा त्यात बसत नाही.

आता तंबाखूकडे वळू. वेंडी ट्रॉक्सेल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील किशोरवयीन मुलांची पाहणी करून २०१५ साली असे मांडले की, जी मुले उशिरा झोपतात किंवा ज्यांना झोपेचा त्रास आहे, त्यांच्यात दारू आणि गांजा घेण्याचे प्रमाण अधिक आढळते. अशा पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सिद्ध होत नाही. परंतु शरीरात काय घडते ते पाहिले तर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. झोप अपुरी राहिली की मोहाला 'नको' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग सुस्त होतो, आणि हा भाग पक्का व्हायला मुळात पंचविशी उजाडते. अशा वेळी मित्राने पुढे केलेली पुडी मागे सारणे अवघड जाते. उलट निकोटीन हे उत्तेजक आहे. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण दोन तास लागतात. रात्री दहाला बार भरून अंथरुणावर पडलेल्याला झोप उशिरा लागते, लागली तरी ती वरवरची असते आणि पहाटे तलफ त्याला उठवते. सकाळी डोके जड, म्हणून पुन्हा पुडी. दारूचेही असेच. घेतल्यावर डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

आपल्या नगर जिल्ह्यात विडी-सिगारेटपेक्षा मळलेली तंबाखू आणि मावा यांचा जोर मोठा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के लोक, म्हणजे चारांत जवळजवळ एक, बिनधुराची तंबाखू घेताना आढळले. माव्यात तंबाखूच्या जोडीला सुपारी असते. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होते व तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे प्रत्येक मावा खाणाऱ्याने आरशासमोर पाहावे. जात नसतील तर थांबू नये, दाखवून घ्यावे. पुढे कर्करोगाचा धोका आहे.

इथपर्यंतचे कोणत्याही गावाला लागू पडेल. पाथर्डीचे दुखणे याहून वेगळे आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता. बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असतो. तो मोळ्या बांधतो, गाडी भरू लागतो. पहाटे तीन-चारला उठणे, थंडीत फडात जाणे, रात्री ट्रक वा ट्रॅक्टर येईल त्या वेळी भरून देणे. झोपायला कोपी, खाली पाचट. या मुलाला कार्स्केडनबाईंचे नऊ तास कोणी द्यायचे? तंबाखू त्याला कोणी वाईट संगतीने लावलेली नसते. ती भूक मारते, झोप मारते आणि गाडी भरेपर्यंत हात चालू ठेवते. फडात ती कामाच्या अवजारासारखीच समजली जाते. त्याच्या बहिणीच्या हाती मिश्री येते. दात घासायला म्हणून सुरू होते, मग दिवसातून चार वेळा. तीच मुलगी पुढे गरोदरपणात मिश्री लावते आणि मूल कमी वजनाचे जन्मते.

याच तालुक्यात दुसरा मुलगा स्वतंत्र खोलीत रात्री दोनपर्यंत मोबाईल पाहून झोप घालवतो. दोघांची झोप सारखीच गेली, पण पहिल्याच्या हाती ती राखणे नव्हते. दुसऱ्याचे काही बिघडले तर घरचे त्याला नगरला, पुण्याला दाखवतात. पहिला तोंडातली गाठ दुखू लागेपर्यंत येत नाही, कारण हंगामात खाडा परवडत नाही. आरोग्यातील समता वगैरे मोठे शब्द आपण सभांतून ऐकतो. त्यांचा अर्थ मला इथे दिसतो. दोघांनाही "आठ तास झोपत जा" असा एकच सल्ला देणारा डॉक्टर पहिल्याच्या काय उपयोगाचा? रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणारी पोरे आणि पोलीस भरतीसाठी पहाटे चारला पळून रात्री एकपर्यंत अभ्यासिकेत बसणारी पोरे, हीही थोड्याफार फरकाने याच रांगेतली.

आपल्या भगवानगडाच्या संत भगवानबाबांच्या नावाने राज्य शासनाने २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. पहिल्या टप्प्यात पाथर्डीचे नाव होते. लोक हिला शिक्षणाची योजना म्हणतात. डॉक्टर म्हणून मला ती झोपेचीही वाटते. सहा महिने रात्री अंथरूण मिळालेले मूल पुडीपासून दूर राहण्याची शक्यता अधिक. टोळीला जाणाऱ्या आईबापांनी निघण्याआधी मुलांसाठी वसतिगृहाची, हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत आणि पंचायत समितीत जरूर करावी. कायदाही आहे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून, सुगंधी तंबाखू व माव्यावर २०१३ पासून बंदी आहे. मावा कुठे मिळतो हे पाथर्डीत कोणाला सांगावे लागत नाही, तो भाग वेगळा.

ज्यांना सोडायची आहे त्यांनी एक गोष्ट आधीच जाणून असावी. तंबाखू सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे झोप आणखी बिघडते, चिडचिड होते, विचित्र स्वप्ने पडतात. "सोडली तर झोपच लागेना" म्हणून पुष्कळ जण याच दिवसांत पुन्हा सुरू करतात. हा त्रास ओसरतो. या काळात उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, दुपारी चारनंतर चहा घेऊ नये, रात्रीचे काम टळत नसेल तर दुपारी अर्धा तास पडावे. झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नये. एक सवय जाऊन दुसरी लागते. घरातील मोठ्यांनी मुलाबरोबर त्याच दिवशी सोडली तर काम निम्म्याने हलके होते. तंबाखूच्या पाकिटावर १८०० ११ २३५६ हा क्रमांक छापलेला असतो. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत, आणि फडातूनही तो लागतो.