प्रवेश विनामूल्य

पुण्यात सुटीचा दिवस घालवायचा म्हटलं की आता आधी हिशोब मांडावा लागतो. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं, मध्यंतरात पॉपकॉर्न घेतलं आणि येताना बाहेर जेवलं, तर त्या महिन्याच्या किराण्याला कात्री लागते. स्पर्धा परीक्षांसाठी नांदेड, बीड, लातूरहून आलेली आणि सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलं तर या वाटेला फिरकतही नाहीत. पण याच शहरात टेकडीवर जायला तिकीट नाही, आठव्या शतकातल्या लेण्यात शिरायला तिकीट नाही आणि दीडशे वर्षांच्या व्याख्यानमालेलाही नाही. पुण्याचं म्हणून जे काही खास आहे, त्यातलं बरंचसं आजही विनामूल्य आहे. गरिबांची सोय म्हणून ते कुणी वेगळं काढून ठेवलेलं नाही. प्राध्यापक, वकील, रिक्षावाले, विद्यार्थी सगळे पिढ्यान् पिढ्या तिथंच जात आले आहेत.

सुरुवात टेकडीपासूनच करायला हवी. पुणेकर ‘टेकडीवर जाऊन येतो’ हे ‘भाजी घेऊन येतो’ इतक्या सहजपणे सांगतो. कोथरूड, पाषाण, गोखलेनगर आणि सेनापती बापट रस्ता यांच्या मधोमध वेताळ टेकडी पसरली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा तिचा माथा ही शहरातली सर्वांत उंच जागा. वर यायला वाटा अनेक आहेत. विधी महाविद्यालयाच्या मागून चढता येतं, पाषाणकडच्या पंचवटीतून येता येतं, गोखलेनगरकडूनही येता येतं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात ते एआरएआय या संस्थेकडचा डांबरी चढ धरतात. वर वेताळाचं देऊळ आहे आणि एक जुनी दगडाची खाण आहे. खाणकाम केव्हाच थांबलं. आता तिथं पाणी साठतं आणि कडेच्या उभ्या कापलेल्या काळ्या कातळात दख्खनच्या लाव्हारसाचे थर उघडे दिसतात. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात चार ओळींत उरकलेली गोष्ट इथं मुलांना हात लावून पाहता येते.

टेकडी दर दोन महिन्यांनी रंग बदलते. आषाढ-श्रावणात ती हिरवीगार असते, दिवाळीच्या सुमारास गवत सोनेरी होतं आणि एप्रिलमध्ये सगळं करपून जमिनीची हाडं दिसू लागतात. पहाटे मोरांचा आवाज येतो, वेडा राघू तारेवर बसलेला असतो, मुंगूस वाट ओलांडून जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उतारांवर फिकट गुलाबी फुलं लगडतात, ती गिरिपुष्पाची. हे झाड सुंदर दिसतं, पण ते मूळचं मध्य अमेरिकेतलं. झपाट्यानं वाढतं म्हणून वनीकरणात ते सरसकट लावलं गेलं आणि त्याच्या दाटीखाली इथलं गवत व सालईसारखी इथली झाडं मागे पडली, असं वनस्पतींचे अभ्यासक सांगत आले आहेत. टेकडीवर गवताळ माळ असणं हीच तिची मूळ प्रकृती आहे. उघडा माळ म्हणजे ओसाड जमीन, हा समज तिथं चार वेळा गेलं की आपोआप गळून पडतो.

ही टेकडी आज सर्वांना मोकळी आहे याचं श्रेय तिच्यासाठी भांडणाऱ्यांना द्यायला हवं. बालभारती ते पौड फाटा हा रस्ता आणि टेकडीखालून जाणारे बोगदे यांचे प्रस्ताव वर्षानुवर्षं पुढे येत राहिले. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरोधात हजारो पुणेकर मोर्चात उतरले. त्यात आजी-आजोबा होते आणि शाळकरी मुलंही होती. वाहतूककोंडीचा प्रश्न खरा आहे, त्यावर उत्तर शोधायलाच हवं. पण ज्या जागेवर रोज पहाटे हजारो माणसं एक रुपयाही न देता मोकळा श्वास घेतात, त्या जागेची किंमत कुठल्याही प्रकल्प अहवालात धरलेली नसते. ती धरली जावी, एवढी मागणी रास्तच आहे.

वर जाताना पाण्याची बाटली बरोबर हवी, पायात पकड असलेले बूट हवेत आणि अंधार पडायच्या आत उतरायला हवं. टेकड्यांवर लूटमारीच्या घटना घडलेल्या आहेत. एकट्या-दुकट्यानं रेंगाळू नये.

याच रांगेच्या एका टोकाला फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी आहे. चढ पंधरा-वीस मिनिटांचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली ती याच परिसरात. संध्याकाळी इथं बसलेली मुलं कानात हेडफोन घालून चालू घडामोडी ऐकत असतात, आणि खाली दिवे लागत जातात.

पर्वतीची गोष्ट निराळी. तिथं इतिहास पायऱ्यांपासूनच सोबत येतो. १०३ रुंद दगडी पायऱ्या चढून गेलं की नानासाहेब पेशव्यांनी बांधवलेलं देवदेवेश्वराचं मंदिर लागतं. पानिपतचा घाव बसल्यावर याच टेकडीवर २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांनी प्राण सोडला. पुढं ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावानं इथूनच पाहिली. पेशवाईच्या ऐन भराची आणि अखेरीची अशा दोन्ही खुणा एका टेकडीवर आहेत. वरच्या संग्रहालयाला तिकीट आहे. देवळाला आणि तटावरून दिसणाऱ्या शहराला नाही. ज्यांना गर्दी नको ते शेजारच्या तळजाईच्या वनात जातात.

पर्वतीच्या पायथ्याशी सारसबाग आहे. आज जिथं हिरवळीवर लोक डबे उघडून बसतात तिथं पेशवाईत तळं होतं आणि मधल्या बेटावर बाग. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, तिथं गणपतीची स्थापना झाली. पुढं तळं गेलं, बाग राहिली आणि ‘तळ्यातला गणपती’ हे नावही राहिलं. थंडी वाढली की या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. ते पाहायला डिसेंबरात लहान मुलांना मुद्दाम आणलं जातं. बाहेरच्या भेळ-पावभाजीच्या गाड्यांपाशी मात्र खिशाची परीक्षा असते. घरून पोळी-भाजीचा डबा नेणाऱ्याला इथं कुणी हटकत नाही.

महापालिकेच्या उद्यानांची संख्या दोनशेच्या आसपास आहे आणि बहुतेकांना प्रवेशशुल्क नाही. दुपारी अनेक उद्यानं बंद असतात, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथं थोडं तिकीट पडतं, पण ते द्यावं असं ते उद्यान आहे.

शनिवारवाड्याला तिकीट आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना मात्र नाही, आणि दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणात बसायला तर कुणालाच नाही. पण पेठांमधलं खरं धन वाड्याच्या भिंतींबाहेर विखुरलेलं आहे. सोमवार पेठेत, नागझरीच्या काठाजवळ, त्रिशुंड गणपतीचं मंदिर आहे. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली. आजूबाजूच्या इमारतींच्या गराड्यात ते इतकं दडलं आहे की शेजारच्या गल्लीत वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्यांनाही त्याचा पत्ता नसतो.

इथं घाई करू नये. दाराशी उभं राहून दर्शनी भिंत नीट वाचावी. काळ्या दगडात द्वारपाल आहेत, मोर आहेत, हत्ती आहेत. आणि खाली डावी-उजवीकडे शोधलं की एक नवलाचं शिल्प सापडतं. बंदुका घेतलेले टोपीवाले शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं जखडत आहेत. गेंडा म्हणजे बंगाल-आसामचा मुलूख आणि शिपाई म्हणजे प्लासीनंतरचे इंग्रज, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. पेशव्यांच्या राजधानीतल्या एका गोसाव्याच्या देवळावर, इंग्रज पुण्यात राज्यकर्ते म्हणून यायच्या कितीतरी आधी, ही बातमी दगडात कोरली गेली होती. आत संस्कृत आणि फारसी असे दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत. मोरावर बसलेल्या गणपतीला तीन सोंडा आहेत. देवळाखाली तळघर आहे, त्यात समाधी आहे आणि ते गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात. मोठ्या संग्रहालयात काचेआड ठेवावं असं हे सगळं रस्त्याच्या कडेला, चपला काढल्या की पाहायला मिळतं.

तिथून गंज पेठेत महात्मा फुले वाड्यापर्यंत चालत जाता येतं. वाडा साधा आहे, कौलारू, अंगणात तुळशीवृंदावन. याच घरातला पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. पुण्यात येणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलानं तो हौद पाहावा. वाटेत मंडईचा अष्टकोनी मनोऱ्याचा दगडी वाडा लागतो. १८८६ मध्ये बांधलेली ही इमारत आजही भाजीबाजार म्हणूनच नांदते आहे.

नदीपलीकडे जंगली महाराज रस्त्यावर, दुकानांच्या रांगेत पायऱ्या उतरून गेलं की पाताळेश्वर. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, एकाच खडकात खोदलेलं हे लेणं. समोरचा गोल नंदीमंडप छत्रीसारखा आहे; इतका नीटस गोल मंडप लेण्यांमध्ये सहसा आढळत नाही. पंचवीस पावलांवर शहरातला गजबजलेला रस्ता आहे आणि खाली वटवाघळांची नि पारव्यांची कुजबुज. त्याच रस्त्याचे रुंद, बाकं मांडलेले पदपथही आता फिरायची जागा झाले आहेत. दर ११ डिसेंबरला तर महापालिका लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा दिवसभर वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा करते. २०२१ पासूनचा हा उपक्रम आहे. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध मुलं विटी-दांडू खेळताना पाहिली की हा दिवस वर्षातून एकदाच का, असं वाटल्यावाचून राहत नाही.

पुण्याची आणखी एक विनामूल्य मिराशी आहे, ती कानांनी उपभोगायची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आजही एप्रिलच्या उत्तरार्धात ती सुरू होते आणि महिनाभर रोज संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात अर्थकारण, इतिहास, वैद्यक, साहित्य अशा विषयांवर बोललं जातं. ऐकायला कुणीही जावं. वर्तमानपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’ या छोट्या सदरावर रोज नजर टाकली, तर ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ ही ओळ हमखास सापडते. पुस्तक प्रकाशनं, गाण्याच्या बैठका, कीर्तनं, परिसंवाद. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात सतत कुठलं ना कुठलं चित्र-छायाचित्र प्रदर्शन असतं आणि तिथं चित्रकार स्वतः भेटतो, हा त्यातला सर्वांत मोठा लाभ.

वर्षाचं चक्रही अशा मेजवान्यांनी भरलेलं आहे. ज्येष्ठ वद्यात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात येतात. एक भवानी पेठेत आणि दुसरी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्काम करते. त्या दोन रात्री पेठा जाग्या असतात. भाद्रपदात मानाचे पाच गणपती आणि रात्रभर चालणारे देखावे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था सामान्यांसाठी दारं उघडते. नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही त्या सुमारास पाहता येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथं आणि आसपासच्या परिसरात आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत.

या सगळ्यात खरा खर्च प्रवासाचा. जून २०२५ च्या दरवाढीनंतर पुणे व पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतला पीएमपी बसचा दिवसभराचा पास ७० रुपयांचा झाला. सकाळी टेकडी, दुपारी पेठा आणि संध्याकाळी बाग असा बेत असेल तर तो वसूल होतो. सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेटला भुयारी मेट्रो पोचली आहे, त्यामुळे पार्किंगच्या कटकटीशिवाय जुन्या शहरात उतरता येतं.

लांब जायचं तर खडकवासला आणि सिंहगड. १८७९ मध्ये बांधलेलं खडकवासला धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्यानं फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं. त्याच्या पाण्याकाठी पावसाळी संध्याकाळी भाजलेली कणसं आणि कांदाभजी यांचा वास रस्ताभर दरवळतो. पाण्यात मात्र उतरू नये. दर वर्षी माणसं बुडतात. सिंहगडावर गाडीनं गेलं तर वनखात्याच्या नाक्यावर पैसे भरावे लागतात. बसनं पायथ्याला उतरून आतकरवाडीतून चढलं तर ते लागत नाहीत. चढ तास-दीड तासाचा आहे आणि नेहमीचे लोक तो पहाटेच धरतात. तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी डोकं टेकवून झालं, की पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही विकणाऱ्या मावश्यांकडे खिशातले उरलेले पैसे खुशाल खर्चावेत. ते पैसे गडाच्या घेऱ्यातल्या घरांत जातात. परतीच्या बसची वेळ मात्र सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवावी; रविवारी संध्याकाळी पायथ्याशी मोठी रांग लागते.