टेकडीतील अस्थी आणि दहावीचा धडा

जबलपूर शहराच्या मध्यभागी ओमती ही गजबजलेली वस्ती आहे. याच शहरातील बडा सिमला टेकडीला भारतीय जीवाश्मशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. 1828 साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना या परिसरात शिलारूप झालेली प्रचंड हाडे सापडली. ती कोणत्या प्राण्याची, हे त्या वेळी सांगता येणे शक्य नव्हते. कारण ‘डायनोसॉर’ हा शब्दच रिचर्ड ओवेन यांनी 1842 साली प्रचारात आणला. डार्विन यांचा जीवजातींच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ 1859 साली प्रसिद्ध झाला आणि 1877 साली रिचर्ड लिडेकर यांनी जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जात निश्चित केली.

पुढे 2003 साली अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, त्या मणक्यांची लक्षणे इतरही अनेक जातींत आढळतात. तेव्हा केवळ त्यांवरून स्वतंत्र जात मानता येत नाही. विज्ञानाची रीत ती हीच. नाव मागे पडले, तरी सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी येथे महाकाय सरीसृप वावरत होते, हा निष्कर्ष अबाधित राहिला.

ज्या थरांत हे अवशेष मिळतात त्यांना नर्मदेवरील लमेटा घाटावरून ‘लमेटा थर’ असे नाव पडले आहे. हेच थर महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथेही आहेत. तेथील शिलारूप विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले. डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच गवते आली, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. उत्क्रांतीचा सिद्धांत मात्र ढळला नाही. गवताच्या कुळाचा इतिहास अधिक मागे गेला, इतकेच.

अशी उदाहरणे शालेय वर्गात अत्यंत उपयोगी पडतात. आनुवंशिकता हा विषय मातापित्यांचे गुण संततीत कसे उतरतात हे सांगतो. परंतु संततीत काही भेदही असतात. परिस्थितीला अनुकूल भेद टिकतात व असंख्य पिढ्यांत साठत जाऊन नव्या जाती निर्माण होतात. हा दुसरा भाग म्हणजे उत्क्रांती होय. तो वगळला, तर पहिल्याचे उत्तर अर्धवटच राहते.

नेमके हेच राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकात घडले. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हे प्रकरण 2023 च्या आवृत्तीत केवळ ‘आनुवंशिकता’ असे उरले. विद्यार्थ्यांवरील भार हलका करणे, हे कारण देण्यात आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे हा भाग परत घेण्याची मागणी केली. बारावीच्या जीवशास्त्रात हे प्रकरण होते, हे खरे. परंतु दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्यांना ते वाचण्याचा प्रसंगच येत नाही. महाराष्ट्रात 2018 साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ असा होता.

उत्क्रांतीवर आक्षेपही घेतला जातो. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विन यांचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. वानराचा मनुष्य झालेला पूर्वजांनी पाहिल्याचा कोठेही उल्लेख नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो अमान्य केला. बडा सिमला टेकडीचे सरीसृपही कोणी जिवंत पाहिलेले नाहीत. पायवाटेवरील पाऊलखुणांवरून वाटसरू कोणत्या दिशेने गेला हे जसे ओळखता येते, तसाच हाडे, थर आणि आनुवंशिक द्रव्य यांवरून जीवसृष्टीचा इतिहास उलगडतो. शिवाय मनुष्य आजच्या वानरापासून झाला, असे हा सिद्धांत म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, असे तो सांगतो.

ओमतीतील एखादा विद्यार्थी याच टेकडीच्या पायथ्याने शाळेत जात असेल. तिच्यातील हाडे कोणाची, ती दगडाची कशी झाली आणि ते प्राणी आज का नाहीत, हे प्रश्न त्याला सुचणे स्वाभाविक आहे. त्यांची उत्तरे शोधण्याची रीत दहावीच्या वर्गातच त्याच्या हाती पडली पाहिजे; कारण पुष्कळांच्या बाबतीत विज्ञानाचा तो शेवटचा वर्ग असतो.