कातडीचंही भेटकलम होतं!

सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावोगाव यंत्रं धडधडतात. सदऱ्याची बाही किंवा साडीचा पदर पट्ट्यात गुंतला, की क्षणात हाताची कातडी सोलून निघते. कडा ओढूनही जुळत नाहीत. मग घरचेच म्हणतात, "टाके तरी कुठं घालणार? हात गेला!" आमच्या सज्जातल्या एका तरुणाच्या जखमेत अशाच निराशेनं हळद भरली आणि दोन दिवस घरीच काढले. पू झाला. हात वाचला, पण तो बरा व्हायला कितीतरी जास्त दिवस लागले.

जुनी विद्या

कावसजी नावाचा शेतकरी जातीचा मराठा इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीतल्या माणसानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. दोन डोळ्यांमधली कातडीची पट्टी मात्र तोडली नाही, म्हणून रक्त मिळत राहिलं. नाक धरल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, पट्टी कापायची अशी ती रीत. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापली गेली आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं तिथं तशीच शस्त्रक्रिया केली.

आंब्याचं भेटकलम आठवा. सांधा जुळेपर्यंत फांदी मूळ झाडावरच ठेवतो ना? तेच हे.

आज काय करतात?

जखम उथळ असेल, तर मांडीची पातळ कातडी काढून तिच्यावर पसरतात. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतल्या ओलीवर जगते, मग तिच्यात रक्त खेळू लागतं. खाली पू असला किंवा पट्टी हलली तर ती धरत नाही. मांडी सहसा दोन-तीन आठवड्यांत भरून येते.

हाड उघडं पडलं, तर पातळ कातडी तिथं धरत नाही. मग रक्तपुरवठ्यासह जाड कातडी वळवतात. हाताची जखम असेल तर कधी हात जांघेजवळच्या कातडीला शिवून सुमारे तीन आठवडे तसाच ठेवतात, नंतर सोडवतात.

तुम्ही एवढं करा

यंत्र बंद करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. थांबल्यावर माती-भुसा स्वच्छ पाण्यानं धुवा. हळद, चुना, तंबाखू, शेण काहीही लावू नका. सुटलेली कातडी किंवा बोट फेकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. थेट बर्फात नको. १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटलांना विनंती: प्लास्टिक सर्जन असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा पत्ता पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. आणि पट्ट्यावर जाळी नसलेलं यंत्र खळ्यावर चालू देऊ नका.