चार चाकांचा समान परीघ

कॅनडातील क्वेबेक प्रांतात नोंदलेल्या मोटारींना १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात चारही चाकांवर हिवाळी टायर बसविणे कायद्याने आवश्यक असते. परंतु इंजिनाची शक्ती चारही चाकांकडे जाणाऱ्या मोटारींच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. टायरांचा परीघही समान असावा लागतो. छापील माप एक असले, तरी झिजेने परीघ बदलतो. २२५/६०आर१७ या मापाच्या नव्या टायरचा परीघ सुमारे २,२०५ मिलिमीटर भरतो. त्याची नक्षी ४ मिलिमीटरने झिजली, की परीघ सुमारे २५ मिलिमीटरने घटतो. साहजिकच ते चाक दर किलोमीटरला सुमारे ५ फेरे अधिक घेते. सरळ रस्त्यावरही हा फरक पुढील व मागील चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेला सतत सोसावा लागतो. ती तापते व अकाली झिजते. सुबारू कंपनी तर परिघांत पाव इंचाहून अधिक तफावत मान्य करीत नाही. शिवाय मागील टायरांची नक्षी पुढच्यांहून उथळ असल्यास बर्फाळ वळणावर मोटारीचा मागील भाग घसरण्याचा धोका वाढतो. तेव्हा एकच टायर निकामी झाला, तरी उरलेल्या तिहींची झीज आधी मोजावी. तफावत मर्यादेबाहेर असल्यास चारही बदलणे हेच अंती काटकसरीचे होय.