चौक वाढला; पटांगणाचे काय?

माजलगावहून धारूरकडे आणि बीड-वडवणीहून सिरसाळामार्गे परळीकडे जाणारे रस्ते तेलगावी एकत्र येतात. सिंदफणेवरील माजलगाव प्रकल्पाच्या पाण्याने या परिसरात ऊस वाढला, आणि जवळच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना उभा राहिला. रस्ते, पाणी आणि कारखाना एकत्र आले म्हणजे गाव गाव राहत नाही. पण ते शहरही होत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

जुन्या गावाला पार होता, चावडी होती, देवळाचे आवार होते. फाट्यावरच्या वस्तीला काय असते? दुकानांची रांग, आणि तिच्यापुढे थेट रस्ता. येथे उभे राहावयाचे ते गिऱ्हाईक म्हणून किंवा उतारू म्हणून. कॉलेज सुटल्यावर एस. टी.ची वाट पाहणारी मुलगी कोणाच्या तरी पत्र्याच्या सावलीत अंग चोरून उभी असते. गळिताच्या हंगामात मुलाबाळांसह निघालेली ऊसतोड टोळी उतरते ती रस्त्याच्या कडेलाच. घरात ज्याला ऐसपैस जागा आहे त्याला याची झळ लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला लागते.

रस्ता रुंद झाला की नगररचना झाली, अशी आपल्याकडे समजूत आहे. १९१४ साली भारतात आलेले आणि पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस नेमक्या याच समजुतीशी भांडत होते. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्यापेक्षा थोडी घरे हलवून मधे मोकळे आवार साधावे, असा त्यांचा आग्रह असे.

वास्तविक कायदा आपल्याकडे आहे. परंतु महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजना करण्याची जबाबदारी पडते ती नगरपरिषदेसारख्या नियोजन प्राधिकरणावर, ग्रामपंचायतीवर नव्हे. म्हणजे वस्ती आधी वाढावी, मग तिला नगराचा दर्जा मिळावा, आणि मग उद्यानाचे आरक्षण शोधावे! तोवर जमिनीचे भाव गगनाला भिडलेले असतात. शिवाय दहा वर्षांत जागा संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. कित्येक नगरपरिषदांची मैदाने अशीच कागदावरून नाहीशी झाली.

तथापि त्याच वर्षीच्या जमीन महसूल संहितेतील कलम २२ फारसे कोणी उघडून पाहत नाही. मोकळी सरकारी जमीन गुरचरणासाठी, बाजारासाठी, खळ्यासाठी, पडावाच्या तळासाठी, इतकेच नव्हे तर उद्यानासाठीही राखून ठेवण्याचा अधिकार ते जिल्हाधिकाऱ्यांना देते. जगपाल सिंग खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यासंबंधी निर्णयही काढला. अर्थात गायरानावर वर्षानुवर्षे कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न निराळा आहे. पटांगणाच्या नावाखाली त्यांना उठविणे हा अन्याय होईल.

प्रश्न उरतो तो रिकाम्या तुकड्यांचा. तेलगावसारख्या वस्तीत बाजारतळ, टोळ्यांचा पडाव आणि मुलांचे मैदान यांसाठी ते आजच राखावयास हवेत. त्यासाठी ग्रामसभेने ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. आणि त्याआधी, तलाठ्याच्या दप्तरातील सरकारी जमिनींच्या नोंदी त्याच सभेत मोठ्याने वाचून घ्याव्यात.